उणीव भरणं आणि वाढ रेटणं

मंडळी, आज आपण कोंबडीच्या पिलाच्या खाद्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानवाल्यांनी हा विषय का घ्यावा, असं कुणाला वाटेल. पण ‘पूरक खाद्य’ या नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. त्या सुट्या करायला इतिहासाकडे जावं लागतं.

पहिली गोष्ट जावा बेटावरची, १८९०च्या सुमाराची. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या पायांनी लुळ्या पडल्या. त्यांना इस्पितळातला पांढरा भात मिळत होता. नव्या स्वयंपाक्यानं तो भात बंद केला, कोंड्यासकट तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या सुधारल्या. हेच पुढे ब-१ जीवनसत्त्व ठरलं. इथे पूरक म्हणजे उणीव भरणं. उणीव भरली की काम संपलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, १९४८ ते १९५० मधली. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिलांसाठी ब-१२ शोधत होते. ऑरिओमायसिन हे औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी खाद्यात मिसळला. पिलं नुसत्या ब-१२ नं वाढावीत त्याहून जास्त वाढली, कारण चोथ्यात औषधाचा अंश होता. बरं, पिलं तर आजारी नव्हती! म्हणजे इथे वाढ रेटली गेली.

आता आपल्या दारात येऊ. सांगवीजवळच पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. देशात पेनिसिलिन बनावं, माणसं वाचावीत, हा हेतू. त्याच दशकात परदेशात प्रतिजैविकं कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागली. थोडं थोडं औषध रोज दिलं की सगळे जंतू मरत नाहीत; तगतात त्यांचीच पैदास होते. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंगनी १९४५ मध्येच सांगून ठेवला होता.

वाढीसाठीची प्रतिजैविकं स्वीडननं १९८६ साली बंद केली, युरोपीय संघानं २००६ साली. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी आली. बाकीची औषधं हरली की अतिदक्षता विभागात जे शेवटी काढतात, ते हे औषध.

तेव्हा पोत्यावर ‘ग्रोथ’ वाचलं की आपण दोन प्रश्न विचारू. यानं पिलाची कोणती उणीव भरते? आणि हे माणसाला वाचवणारं औषध तर नाही ना? दुसऱ्याचं उत्तर ‘आहे’ असं आलं, तर त्या वाढीची किंमत पोत्यावर छापलेली नाही. ती कुणीतरी दवाखान्यात मोजणार आहे.