काळ्या फुलाचे नाव नेमके कोणाचे?

आल्प्समध्ये वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांत वीतभरही उंची नसलेले एक ऑर्किड उमलते. रंग जवळजवळ काळा, गंध व्हॅनिलाचा. एवढ्याशा फुलाच्या नावाचा वाद अजून मिटलेला नाही.

१५३६ साली स्विस विद्वान योहानेस म्युलर ऊर्फ रेलिकानुस स्टॉकहॉर्न शिखर चढून गेले आणि त्या चढाईवर त्यांनी लॅटिन काव्य रचले. त्यात हे फूल आहे. शास्त्रीय नाव मात्र १७५३ मध्ये लिनियस यांनी दिले : ‘सॅटिरियम नायग्रम’, म्हणजे काळे. पुढे एकोणिसाव्या शतकात ‘निग्रिटेला’ ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जातींचे घराणे, मानली गेली. कारणही सबळ होते. बहुतेक ऑर्किडांचे फूल उमलताना अर्धा वेढा घेते व ओठासारखी पाकळी खाली येते; येथे ती वरच राहते.

खरी उलथापालथ झाली ती गुणसूत्रे मोजल्यावर. ऑस्ट्रियाचे हेर्विग टेपनर आणि एरिख क्लाइन यांनी ती चिकाटीने मोजली. आल्प्समधील नेहमीच्या काळ्या फुलात ४० गुणसूत्रे, तर स्वीडन-नॉर्वेच्या रोपांत ६०. ही उत्तरेकडील रोपे फलनाविनाच बी धरतात. प्रत्येक रोप आईची हुबेहूब प्रत! दोन्ही एक जात कशी म्हणावी? लिनियस यांचे नाव उत्तरेकडे राहिले. आल्प्सचे फूल, जे शतकानुशतके त्या नावाने ओळखले जात होते, ते अनामिक झाले. १९९० मध्ये त्याला नवे नाव मिळाले : ‘निग्रिटेला रेलिकानी’. साडेचारशे वर्षांनी त्या गिर्यारोहक कवीचे ऋण फिटले.

त्याआधी १९८५ मध्ये याच जोडीने पूर्व आल्प्सच्या मोजक्या डोंगरांवर आढळणारी एक गुलाबी, अतिदुर्मीळ जात वेगळी केली होती. तिला श्टायरमार्क प्रांताचे लाडके आर्चड्यूक योहान यांचे नाव दिले.

१९९७ मध्ये डीएनएच्या आधारे काही शास्त्रज्ञांनी सारे ‘निग्रिटेला’ घराणेच ‘जिम्नाडेनिया’त विलीन केले. उलटा ओठ हा फरक त्यांना पुरेसा वाटला नाही. अनेक युरोपीय अभ्यासक आजही जुने नाव सोडत नाहीत.

हा केवळ नावांचा हट्ट नव्हे. यादीत स्वतंत्र न मोजलेल्या जातीला स्वतंत्र संरक्षण मिळणे कठीण. स्वीडनच्या येम्टलांड प्रांताचे हे मानचिन्ह-फूल. गवतकापणी व चराई थांबली, उंच गवताने ते झाकोळले आणि झपाट्याने घटले. त्याला वाचवण्यासाठी आता त्या कुरणांतले गवत मुद्दाम कापावे लागते.