आक्काचा अर्ज आणि महिन्याची फेरी

आपल्या मंडळात नंदगडवर आजवर बरंच वाचून झालं. संगोळ्ळी रायण्णा झाला, जुनी बाजारपेठ झाली, खानापूर तालुक्यातली जंगलं झाली. मी आज आणलेला कागद मात्र घरच्या ट्रंकेतला आहे. तो वाचावा की नको, यात माझं एक वर्ष गेलं.

कागद म्हणजे आजोबांनी १९५५ साली केलेल्या अर्जाची नक्कल. विधवा बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घ्यावं, असा अर्ज. ही बहीण म्हणजे आमची आक्का. मी तिला बघितलेलं नाही. पोरांनी दंगा केला की घरात "धारवाडला पाठवू काय?" म्हणायचे, पण आजोबा समोर असले की हे वाक्य कुणी काढत नसे. धारवाडचं इस्पितळ १८४५ सालचं, आणि आपल्या भागाला तेच जवळचं.

त्या वेळी चालू होता तो १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट. नवरा किंवा बायको, ते नसतील तर जवळच्या नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. आक्काला नवरा नव्हता, म्हणून सही आजोबांची.

याच कायद्यात देखरेखीचीही सोय होती. प्रत्येक इस्पितळावर सरकारने निदान ३ 'व्हिजिटर' नेमायचे, त्यात एक तरी सरकारी डॉक्टर हवा. त्यांतल्या निदान दोघांनी महिन्यातून एकदा सगळं इस्पितळ फिरायचं, शक्यतो प्रत्येक रुग्णाला बघायचं, नव्याने आलेल्यांचे कागद तपासायचे आणि वहीत शेरा लिहायचा. तिघा व्हिजिटरांनी लेखी हुकूम दिला तर रुग्णाला सोडताही येत असे.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. व्हिजिटर नेमणारं सरकार बदललं. कायदा मात्र तोच राहिला, आणि आक्काही तिथेच राहिली.

कायदा वाचताना मी ३२ व्या कलमाशी थांबलो. ज्याच्या अर्जावरून रुग्णाला आत घेतलं, त्याने लेखी मागणी केली की रुग्णाला सोडलं पाहिजे. रुग्ण धोकादायक आहे असं इस्पितळाने लिहून दिलं तरच अडायचं. म्हणजे आजोबांच्या दोन ओळी पुरल्या असत्या. ट्रंकेत इस्पितळाकडून आलेलं एक कार्डही आहे: प्रकृती बरी आहे, घरी नेण्याबद्दल कळवावे. त्याला उत्तर दिल्याची नक्कल नाही, आणि आजोबा तर प्रत्येक पत्राची नक्कल ठेवत. घरात तेव्हा दोन मुली लग्नाच्या होत्या. आक्का तिथेच वारली.

इस्पितळावर नजर ठेवायला तिघे होते. आमच्या घरावर कुणाची नजर नव्हती.

पुढे कायदा दोनदा बदलला. १९८७ चा कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. व्हिजिटर ३ चे निदान ५ झाले, त्यात दोन समाजसेवक आले, आणि महिन्याची फेरी तिघांनी मिळून करायची ठरली. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तो २०१८ पासून चालू आहे. त्यात जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून ६ जणांचं पुनरावलोकन मंडळ सांगितलंय. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा, एक जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी, दोन डॉक्टर, आणि दोन जागा स्वतः आजारी असलेल्यांना, त्यांची काळजी घेणाऱ्यांना किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या माणसांना. १९१२ च्या कायद्याने अशा माणसांना एकही जागा राखली नव्हती. शिवाय स्वतःहून दाखल न झालेल्या रुग्णाला ३० दिवसांपुढे ठेवायचं तर या मंडळाची मंजुरी लागते. आक्काच्या वेळी हे असतं तर तिचं नाव पुन्हापुन्हा कुणापुढे तरी आलं असतं.

पण यात एक गोष्ट गेली, ती म्हणजे दर महिन्याची फेरी. आता इस्पितळांची तपासणी राज्य प्राधिकरणाने ३ वर्षांनी करायची असते, आणि मधल्या काळात तक्रार आली तर चौकशी. तक्रार करायला बाहेर कुणीतरी आपलं माणूस लागतं. जुन्या कायद्यात न बोलावता महिन्याला कुणीतरी खाटेपाशी येऊन उभं राहायचं, निदान कागदावर तरी. मला वाटतं, नव्या मंडळातल्या त्या दोन जागांबरोबर ही फेरीही हवी होती.

आजोबांचा न्याय करायला मी हे वाचलं नाही. त्यांनी कार्ड फाडलं नाही, एवढं मला पुरतं. आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत असे अर्ज, दाखले, कार्डं असतील तर जाळू नका. नावं झाकून नकला मंडळात ठेवू. गावाच्या इतिहासात ही माणसंही गावातलीच आहेत.