पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स आणि पायी चाललेले मराठे

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून फ्रान्सला गेलेल्या घोडदळात दोन नावे मराठी वाचकाच्या नजरेत चटकन भरतात : ३४वी पूना हॉर्स आणि २०वी डेक्कन हॉर्स. दोन्ही रेजिमेंट सिकंदराबाद ब्रिगेडच्या, आणि ही ब्रिगेड पुढे दुसऱ्या इंडियन कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये गेली. 'अटकेपार'वर पोसलेले आपले मन त्या घोड्यांवर मराठे बसवून मोकळे होते. प्रत्यक्षात पूना हॉर्समध्ये राठोड राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान होते. डेक्कन हॉर्समध्ये शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान.

नाव मात्र फुकटचे नव्हते. जून १८१७च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीला मुलूख तोडून दिला. त्याच्या उत्पन्नावर जे घोडदळ उभारले गेले, ती पूना हॉर्सची सुरुवात. वर्ष उलटायच्या आत पेशव्याशी युद्ध पेटले, तेव्हा हेच घोडदळ पेशव्याच्या फौजेसमोर उभे होते. डेक्कन हॉर्सचे मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये, आणि या कंटिंजंटच्या खर्चासाठीच १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे एका रेजिमेंटचा पाया पेशव्याच्या मुलखावर, तर दुसरीचा दाणावैरण वऱ्हाडच्या शेतसाऱ्यावर. पद्धतसुद्धा आपल्याच परिचयाची होती. स्वाराने घोडा स्वतःचा आणायचा, ही शिलेदारी इंग्रजांनी उचलली आणि शब्दही ठेवला : 'सिलेदार कॅव्हलरी'.

आमच्या झाडीपट्टीत आज बैल दिसतात, हेले दिसतात. घोडा दिसलाच तर वरातीत. पण याच नागपूर राज्यातून रघूजी भोसल्यांचे स्वार बंगालपर्यंत गेले होते. मग मराठा घोड्यावरून उतरला कधी? १८१८नंतर पागा मोडल्या. घोडा आणि त्याचा खर्च परवडेल असा शिलेदार उरला नाही. त्यातच उत्तरेकडच्या 'लढाऊ जाती' निवडण्याचे सरकारी खूळ आले. माझ्या मते पहिले कारण मोठे.

त्या डिव्हिजनचे फ्रान्समधले आयुष्य बव्हंशी वाट पाहण्यात गेले. पायदळ खिंडार पाडील आणि त्यातून आपण दौडत जाऊ, ही ती आशा. तोवर स्वार पायउतार होऊन खंदकात लढले, खोदकाम करीत राहिले. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी सोमच्या रणांगणावर डेक्कन हॉर्स आणि ७वे ड्रॅगून गार्ड्स उभ्या पिकातून भाले सरसावून हाय वूडच्या बाजूला गेले. रात्र पडली, पुढे काही घडले नाही आणि त्यांना मागे बोलावले.

१९१८मध्ये या रेजिमेंट पॅलेस्टाइनला गेल्या आणि तिथे नव्याने उभारलेल्या ५व्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये आल्या. १९ सप्टेंबरला पायदळाने किनाऱ्यालगत वाट मोकळी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक ब्रिगेड नाझरेथमध्ये घुसली. जर्मन सेनापती लिमान फॉन झांडर्स थोडक्यात निसटला. पूना आणि डेक्कन हॉर्सची ब्रिगेड अफुलेकडे वळली. अफुले म्हणजे आमच्या गोंदियासारखे रेल्वे जंक्शन. ते हातचे गेले की शत्रूची रसद तुटलीच. २३ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी हैफा घेतले. त्यात ८ माणसे आणि ६० घोडे कामी आले. मेजर दलपतसिंह तिथेच पडले. दिल्लीची तीन मूर्ती त्या ब्रिगेडचे स्मारक आहे.

हैफाच्या धावणीचे पोवाडे गायले जातात, ते योग्यच. पण डिव्हिजनचा खरा पराक्रम तिच्या मजलांत आहे. अडतीस दिवसांत सुमारे ९०० किलोमीटर, तेही पाचातला एक घोडा गमावून. पुढच्या महायुद्धात दोवातोरच्या सोव्हिएत घोडदळानेही १९४१ साली हेच दाखवले : जंगलवाटांनी जर्मनांच्या पिछाडीला घोड्यावरून जायचे आणि लढायचे बहुधा पायी.

आणि मराठे? ते होते ६व्या पूना डिव्हिजनमध्ये, मेसोपोटेमियात, पायदळात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी टायग्रिसकाठी कूत येथे वेढ्यात अडकल्या. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडे कापून शिबंदीला खायला दिले गेले. बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. एप्रिलमध्ये उपासमार असह्य झाल्यावर पुष्कळांनी ते खाल्ले. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्यांच्या पाठीवर राज्य कमावले, त्यांच्या पानात घोडा आला तो असा. २९ एप्रिल १९१६ला कूत पडले. कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. वाटेत किती गेले याची गणती नाही. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

५वी कॅव्हलरी डिव्हिजन २६ ऑक्टोबर १९१८ला अलेप्पोला पोचली आणि पाच दिवसांनी युद्धविराम झाला. अलेप्पोहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग रास-अल-ऐनला जातो.