नाल, कानस आणि नख : जनावराच्या पायांचा मुंबईकर इतिहास

१/ पाळीव कुत्र्याची नखे विजेवर फिरणाऱ्या छोट्या ग्राइंडरने घरीच घासणे, ही आजच्या फ्लॅट-संस्कृतीतली हौस वाटते. पण परळच्या इतिहासात डोकावले, तर या यंत्रामागे नालबंदाची कानस दिसू लागते. आजचा थ्रेड त्यावर.

२/ आधी मूळ गोष्ट. नख आणि खूर दोन्ही केराटिनचे. ती जन्मभर वाढतात आणि चालताना जमीन त्यांना झिजवते. माणूस जनावराला आपल्या सोयीच्या जमिनीवर आणतो, तेव्हा वाढ आणि झीज यांचा मेळ मोडतो. तो पुन्हा साधण्याची जबाबदारी मग माणसावर येते.

३/ इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील ग्रंथात सुचवले आहे की अंगणात गोल दगड पसरावेत आणि घोड्याला त्यांवर उभे करावे, म्हणजे खूर बळकट होतात. त्याच्या लेखनात ठोकलेल्या नालेचा उल्लेख नाही.

४/ आपल्याकडे नाल थेट राज्यव्यवहाराच्या भाषेत शिरली. मराठेशाहीत मोहिमेच्या तयारीसाठी शिलेदारांना मिळणाऱ्या आगाऊ रकमेला ‘नालबंदी’ म्हणत. घोड्याचा पाय सिद्ध नसेल, तर फौज हलणार कशी?

५/ आता मुंबईत येऊ. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग. कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे असल्याचे सांगितले जाते. कठीण रस्त्यावर रोज ओझे ओढणारा खूर वाढीपेक्षा वेगाने झिजतो, म्हणून नाल.

६/ मात्र नाल ठोकली की झीज थांबते आणि वाढ चालूच राहते. घोड्याचा खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद जुनी नाल काढतो, वाढलेला खूर तासतो, कानशीने सपाट करतो आणि मगच नाल ठोकतो. संरक्षण दिले, की निगाही आली.

७/ याच काळात जनावरांच्या वेदनेची सार्वजनिक दखल घेतली जाऊ लागली. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्येच स्थापन झाली. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये परळलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

८/ १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. शहरातील घोडा मागे पडला. कुत्रा मात्र घरात आला.

९/ शहराच्या इतिहासात कुत्र्यालाही स्थान आहे. १८३२ मध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. त्या काळच्या रस्त्यावरील कुत्र्याची नखे रस्ताच झिजवत असे. दादरच्या आठव्या मजल्यावरील गुळगुळीत फरशी ते काम करत नाही.

१०/ हातात मावणाऱ्या ग्राइंडरची वंशावळ अमेरिकेत सापडते. आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये कंपनी काढली. लाकूड-धातू घासण्या-कोरण्यासाठी केलेले हे वेगवान छोटे यंत्र पुढे कुत्र्याच्या नखांपर्यंत पोहोचले.

११/ यंत्र बदलले, तरी नालबंदाची शिस्त तीच. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जिवंत गाभा असतो. काळ्या नखात तो बाहेरून दिसत नाही. म्हणून यंत्र दोन-तीन सेकंदच टेकवावे, कारण घर्षणाने नख तापते. पायाचे केस दूर धरावेत. घासलेल्या टोकाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला, की थांबावे. आणि त्याआधी काही दिवस कुत्र्याला नुसत्या आवाजाची सवय करावी.

१२/ नखे फार वाढली, तर बोटांवर दाब येतो आणि चाल बिघडते. कुत्रा तक्रार करत नाही. फरशीवरची टकटक तेवढी ऐकू येते. जनावराच्या पायाखालची जमीन आपण बदलली आहे. तिचे काम आता आपल्या हातांनी करायचे आहे, नालबंदाइतक्याच सावधपणे.