आरमारी इशारत आणि आनंदराव धुळपांची लढाई

मंठ्यासारख्या, समुद्रापासून शंभरांहून अधिक कोस आंत असलेल्या गांवीं बसून आरमाराविषयीं लिहावें, हें कोंकणांतील वाचकांस धाडसाचें वाटेल. परंतु प्रस्तुत प्रश्न आम्हांस मूळ संस्कृत वाचनांतच भेटला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत, नायकानें वाद्यघोष, ध्वज व पताका यांच्या योगें व्यूहाच्या अंगांस संज्ञा ठरवून द्याव्या, असें सांगितलें आहे. फुटणें, एकवटणें, थांबणें, चालणें, वळणें, प्रहार करणें, या सर्वांस संज्ञा. पुढें फारशी-अरबींतून आलेल्या निशाण व इशारत या शब्दांनीं जो व्यवहार चालला, तो हाच. ही संज्ञा दर्यावर कोठवर पुरते, हें पाहणें आहे.

विलायती आरमारांत जहाजें एकामागें एक लांब ओळीनें लढत. धुरांत दिसेल तें निशाण हीच सेनापतीची वाणी. १७४६ त मद्रास घेणाऱ्या लाबुर्दोने यानें १७३८ तच अंकांचीं निशाणें सुचविलीं होतीं. इंग्रजांकडे हौ याचें अंकयुक्त पुस्तक १७९० त झालें.

आपल्याकडील रचना निराळी. अमात्यांच्या आज्ञापत्रांत पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा, आणि सर्वांवर एक सरसुभा, अशी व्यवस्था आहे. वारा पडला तर हट्टानें न झुंजतां किल्ल्याच्या आश्रयास यावें, हीही आज्ञा त्यांतच आहे. अशा लहान, किनाऱ्यालगत वावरणाऱ्या समूहास अंकांच्या कोशाची निकड भासली नाहीं, यांत आम्हांस उणेपणा दिसत नाहीं. १६७९ च्या ऑक्टोबरांत खांदेरीपुढें याच जातीच्या नौकांनीं इंग्रजांचें 'डोव्हर' गुराब निशाण उतरावयास लावून धरून नेलें. निशाण उतरणें ही मात्र सर्व दर्यावर्द्यांस समजणारी एकच संज्ञा!

आतां मुख्य गोष्ट. शके १७०५ च्या चैत्र शुद्ध पक्षांत, ८ एप्रिल १७८३ रोजीं, पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनीं रत्नागिरीच्या दर्यांत इंग्रजांचें 'रेंजर' जहाज घेतलें. त्यावर कर्नल मॅक्लिऑड, कर्नल हंबर्स्टन, मेजर शॉ असे मोठे अंमलदार होते. शॉ लढाईंत पडला, हंबर्स्टन जखमांनीं पुढें विजयदुर्गीं वारला. शौर्याविषयीं कोणासच शंका नाहीं. आक्षेप आहे तो असा, कीं सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजींच झाला होता, आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं ग्वाल्हेरीस कागदांची अदलाबदलही झाली होती. मग हा दगा नव्हे काय?

मधले दिवस त्रेचाळीस. जासूद रोज पंधरा-वीस कोस चालला असें धरल्यास ग्वाल्हेरीची वार्ता पुण्यावरून विजयदुर्गास तीन-चार आठवड्यांत पोंचूं शकते. म्हणजे किल्ल्यांत ती आधींच आली असणें अशक्य नव्हे. आनंदरावांस सर्वथा निर्दोष ठरविण्याची घाई आम्ही करीत नाहीं. पण किल्ल्यांत येणें वेगळें आणि दर्यावरच्या गुराबेंत येणें वेगळें. तोफेची इशारत 'परत या' एवढें सांगेल. अमुक दिवशीं तह झाला, अमुक कलमें ठरलीं, हें कोणत्याही निशाणास सांगतां येत नाहीं. इशारत आज्ञा वाहते, वृत्तान्त वाहत नाहीं. वृत्तान्तास कागद व होडीच पाहिजे.

त्याच वर्षीं २० जून रोजीं कडलूरपुढें फ्रेंच सफ्रां व इंग्रज ह्यूज हे सर्व निशाणांनिशीं लढले. त्यांच्या राजांचा प्राथमिक तह २० जानेवारीसच झाला होता. वार्ता जूनच्या अखेरीस आली. त्यांस कोणी दगाबाज म्हणत नाहीं. मग धुळपांसच तो शब्द कां?

निकाल द्यावयाचा तो तारखांनीं. लढाईचीं पत्रें सर्वांस प्रिय असतात. जासुदाची मजुरी, होडीचें भाडें, पत्र पोंचल्याची मिति, असल्या किरकोळ खर्चाच्या बंदांस कोणी विचारीत नाहीं. असा एक रुमाल आमच्या डोळ्यांदेखत रद्दींत जाऊं लागला होता. आम्ही तो आठ रुपयांस सोडविला, पण तो निघाला पैठणकडील. ज्यांच्या संग्रहीं विजयदुर्गाकडील शके १७०४ च्या फाल्गुनाचे व पुढील चैत्राचे बंद असतील, त्यांनीं प्रत्येक पानावरील पोंचल्याची मिति तेवढी उतरून मंडळाकडे धाडावी. नक्कल करण्याचें काम आमच्याकडे लागलें.