सोयरे आणि उम्मत

देहूच्या परिसरात भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर असे तीन डोंगर आहेत. तुकोबा एकांतासाठी जात ते याच डोंगरांवर. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, माणसेगुरे मरताना त्यांनी पाहिली. झाडावेलींना आणि वनचरांना सोयरे म्हणणारा त्यांचा अभंग वाचताना आपण हे विसरतो. वृक्षारोपणाच्या फलकांवर चढून तो अभंग नको तितका गोड झाला आहे.

सोयरा म्हणजे भाऊबंद नव्हे. भाऊबंद जन्माने मिळतो, सोयरीक जोडावी लागते. ती जोडली की मानपान आला, सुखदुःखाला धावून जाणे आले. झाडाशी सोयरीक सांगणाऱ्याने झाडालाही मान आहे हे धरूनच बोलायचे असते. तुकोबांच्या चरित्रकथांत एक प्रसंग येतो. त्यांना पाहून पाखरे उडाली. आपल्याविषयी या जीवांना भय वाटते, याचाच त्यांना खेद झाला आणि पाखरे अंगावर येऊन बसेपर्यंत ते झाडासारखे निश्चल उभे राहिले.

आपल्याला हे परके वाटू नये. कुरआनात मधमाशी, मुंगी, कोळी यांच्या नावांच्या सूरह आहेत. सूरह अन्आममध्ये तर पशुपक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत हा शब्द मात्र आपण आपल्यापुरताच राखून ठेवला.

या दोन्ही गोष्टी जिथे भेटतात ती कथा अनगडशहा फकिराची. ज्यांच्या विरोधामुळे तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली, ते रामेश्वरभट फकिराच्या बागेतल्या विहिरीत स्नानाला उतरले. फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो शमला तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने. मन निर्मळ असेल तर वाघ-सापही वैर धरत नाहीत, असा त्या अभंगाचा आशय आहे. कथा ती कथाच, दस्तऐवज नव्हे. पण लोकांनी ती जपली आहे. आजही तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. त्या रात्री मुक्काम आकुर्डीला, म्हणजे कारखान्यांच्या शहरात.

हे शहर नवे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे औद्योगिक वसाहत झाली, १९८२ साली महानगरपालिका. मग कारखाने चाकणकडे सरकले आणि भामचंद्राच्या पायथ्याला भिडले. २००८ साली चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राचे बांधकाम सुरू होते. डोंगर आणि इंद्रायणी यांच्या काळजीने गावकरी आणि वारकरी त्याविरुद्ध उभे राहिले. आंदोलनाला जाळपोळीचे गालबोट लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सरकारला काम थांबवावे लागले आणि अखेर कंपनी तिथून गेली. भोपाळच्या युनियन कार्बाइडला २००१ साली विकत घेणारी हीच कंपनी. भोपाळच्या जुन्या वस्त्यांत वायूने मेलेल्यांत आपली माणसे थोडी नव्हती. तरीही आम्ही ती बातमी वारकऱ्यांची म्हणून वाचली आणि पान उलटले.

अलीकडच्या वर्षांत वारीच्या तोंडावर आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. वरच्या अंगाला कारखाने आहेत. त्यांत आपली पोरेही पाळीला जातात, आणि आपल्या मोरीचे पाणीही शेवटी नदीलाच मिळते.