गिरणगावची खानेसुमारी

माणसे मोजण्याच्या कामाला मराठीत तीन नावे आहेत. खानेसुमारी हे सर्वांत जुने. फारसीत ‘खाना’ म्हणजे घर, त्यामुळे खानेसुमारी ही मुळात घरांची मोजणी. पेशवे दफ्तरात अशा खानेसुमारीचे कागद आहेत. शिरगणतीत डोकी मोजतात, तर जनगणना हा सरकारी शब्द नंतर रूढ झाला. एखाद्या वस्तीचा सामाजिक इतिहास या मोजण्यांतून काढताना घर, डोके आणि जन यांतले काय मोजले गेले होते, हे आधी पाहावे लागते. मुंबईच्या गिरणगावाइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी हा सारा मुलूख दीडशे वर्षांत शेतवाडी, गिरण्या, चाळी आणि टॉवर अशा चार अवस्थांतून गेला, आणि प्रत्येक अवस्थेत कोणीतरी त्याची माणसे मोजत होते.

मुंबईची पहिली पद्धतशीर मोजणी १८६४ सालची. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मोजणीत ८,१६,५६२ माणसे भरली. पुढच्या वर्षी युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. १८७२च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ निघाली, म्हणजे आठ वर्षांत पाचवा हिस्सा कमी. हे शहर कामापुरते भरते आणि काम संपले की रिकामे होते, हा मुंबईचा स्वभाव पहिल्या दोन आकड्यांतच उमटला आहे.

शहराच्या एकूण आकड्यावरून मोहल्ले कळत नाहीत. सुदैवाने मुंबईच्या जनगणनेने आरंभापासूनच शहराचे तुकडे पाडले. वॉर्ड आणि त्यांच्या पोटात विभाग अशी ही रचना होती. मांडवी, उमरखाडी, डोंगरी, भुलेश्वर, कुंभारवाडा, खेतवाडी, कामाठीपुरा, नागपाडा, ताडदेव, परळ, शिवडी, वरळी अशा तीसेक विभागांचे आकडे दशकागणिक शेजारी ठेवता येतात. त्यांतून दिसते, की मुंबई सर्वत्र सारखी वाढली नाही. भुलेश्वर, कुंभारवाडा हे विभाग आधीच गच्च भरलेले होते. वाढीला जागा उरली होती ती उत्तरेच्या मोकळ्या, दलदलीच्या भागात. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढण्याचा उद्योग मांडला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. त्यामागोमाग चाळी आल्या.

१९०१ची मोजणी मात्र जपून वाचावी लागते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहर हादरले. त्यानंतर दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीला प्लेग उसळे, आणि लोक गाठोडी बांधून गावी पळत. जनगणनेची तारीख होती १ मार्च १९०१, म्हणजे ऐन प्लेगच्या मोसमातली. मोजणीत ७,७६,००६ माणसे आढळली, १८९१पेक्षा सुमारे ४६ हजारांनी कमी. हा आकडा खोटा नव्हता, पण तो एका रात्रीचा होता. त्या काळी ज्या रात्री जो जिथे झोपला तिथे तो मोजला जाई. पाच वर्षांनी, १९०६ साली, शहराची खास मोजणी झाली तेव्हा ९,७७,८२२ माणसे निघाली. दोन लाख माणसे पाच वर्षांत जन्माला आली नव्हती. त्यांतली बरीचशी गावाहून परतली होती. वस्तीच्या इतिहासात तारीख ही तपशिलाची बाब नसते. शिमग्याला चाकरमानी कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठीही जातो. अशा वेळी गिरणगावात गणक फिरला, तर त्याच्या वहीत वेगळेच गिरणगाव उतरेल.

प्लेगच्या धास्तीने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या फोडून रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. मधल्या विभागांचे आकडे थोडे सैल झाले, उत्तरेचे फुगले. पाडलेल्या चाळीतला भाडेकरू दादरच्या वसाहतीत गेला असे मात्र समजू नये. तिथे पांढरपेशे राहायला आले, आणि हातावर पोट असलेले लोक बहुधा शेजारच्याच दाट गल्लीत आणखी दाटीने घुसले. जनगणना माणसांचे स्थलांतर दाखवते, पण एकेका माणसाची वाट दाखवत नाही. इथे अभ्यासकाची सर्वांत जास्त फसगत होते.

गिरणगावाबद्दल सर्वांत बोलके रकाने दोन: स्त्री-पुरुषांचे प्रमाण आणि जन्मस्थान. मुंबईत दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ६१७ स्त्रिया होत्या. १९११ साली त्या ५३०वर आल्या आणि १९२१ साली त्याहूनही किंचित कमी झाल्या. म्हणजे दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई. १९२१च्या मोजणीप्रमाणे शहरातल्या दर सहा माणसांतली पाच मुंबईबाहेर जन्मलेली होती. त्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि घाटावरचे सातारा, पुणे हे जिल्हेही मोठे. हे दोन रकाने शेजारी ठेवले की चाळीतली खोली दिसू लागते. एका गावचे दहा-पंधरा पुरुष मिळून गावकीची खोली घेत. वळकट्या भिंतीला रचलेल्या असत, आणि जेवण खाणावळवालीकडे. बायकामुले मात्र गावी, शेताच्या तुकड्याशी आणि मनिऑर्डरशी बांधलेली. १९२१च्या मोजणीत शहरातले सुमारे दोन तृतीयांश लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. याच सुमारास सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. त्या आजही बीडीडी चाळी म्हणूनच ओळखल्या जातात.

पुढच्या दशकांत पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण चढत गेले. ते चढले म्हणजे गिरणगावात संसार थाटले गेले. खोलीत पाळणा आला, चाळीत शाळेत जाणारी पोरे दिसू लागली, आणि ‘मुंबईत जन्म’ या रकान्याचा आकडा वाढू लागला. गिरणगावाची ओळख सांगणारी भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी हे सारे याच स्थिरावलेल्या वस्तीत बहरले. जनगणनेत भजनी मंडळांचा रकाना नव्हता, पण ती कोणत्या घरांवर उभी राहिली, ते तिच्यातून कळते.

१९३१ हे वर्ष अभ्यासकांसाठी कुंपणासारखे आहे. सर्व जातींचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध झालेली ती अखेरची जनगणना. १९८० साली मंडल आयोगाने इतर मागासवर्गीयांचा अंदाज बांधला तोही याच अर्धशतकापूर्वीच्या आकड्यांवर. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती आणि जमातींपुरतीच मोजणी उरली, आणि तिथे महाराष्ट्रात एक विलक्षण गोष्ट घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. १९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध हजारांत मोजता येण्याइतके होते. १९६१ साली ते २७,८९,५०१ झाले. वरळी-नायगावच्या चाळींत माणसे तीच, खोल्या त्याच. पण धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आले आणि अनुसूचित जातीच्या रकान्यातून ती माणसे गळाली, कारण तेव्हाच्या केंद्रीय आदेशात बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान नव्हते. १९९०च्या दुरुस्तीने ते मिळाले. परिणामी राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ साली सुमारे ७ टक्के होते, ते १९९१ साली सुमारे ११ टक्के झाले. कायदा ठाऊक नसलेल्या वाचकाला वाटेल, की दहा वर्षांत दलितांचे लोंढे महाराष्ट्रात आले. प्रत्यक्षात कोणीही कुठून कुठे गेले नव्हते.

भाषेच्या रकान्याने तर राजकारणच पेटवले. १९५१च्या मोजणीत बृहन्मुंबईत मराठी भाषक सुमारे ४४ टक्के निघाले. हा सर्वांत मोठा गट होता, पण निम्म्याहून कमी. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणाऱ्यांनी हा आकडा हाती धरला. हा वाद आकडा येण्याआधीच सुरू झाला होता: १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी बहुमताच्या या युक्तिवादाचा समाचार घेतला होता. पोट भरायला देशभरातून लोक येतात अशा शहराची मालकी डोकी मोजून ठरवता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यात एका गोष्टीची भर घालायला हवी. शहराची सरासरी ४४ असली, तरी लालबागची ती नव्हती आणि भुलेश्वरचीही नव्हती. सरासरीच्या शहरात कोणीच राहत नाही.

सीमा बदलल्या की तुलना अवघड होते. १९५० आणि १९५७ साली उपनगरे जोडून मुंबई मुलुंड-दहिसरपर्यंत वाढवली गेली, तेव्हा शहराचा आकडा झेपावला. त्या झेपेत जन्मांचा आणि स्थलांतराचा वाटा होता, तसा नकाशावरच्या रेघेचाही. १९८१च्या मे महिन्यात रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. तेव्हापासून मालवण-सावंतवाडीकडचे चाकरमानी रत्नागिरीच्या रकान्यातून बाहेर पडले. म्हणून १९२१च्या ‘रत्नागिरी’शी १९९१ची ‘रत्नागिरी’ ताडून पाहताना दोन जिल्हे एकत्र करावे लागतात.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या असंख्यांना परत बोलावणे आलेच नाही. १९८१च्या जनगणनेत बेट शहराची, म्हणजे उपनगरे वगळून जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३२,८५,०४० होती. १९९१ साली ती ३१,७४,८८९वर उतरली. याचा सारा दोष संपाला देणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. पगडी न परवडणारी तरुण जोडपी डोंबिवली, विरारकडे आधीच सरकू लागली होती, आणि मोडकळीला आलेल्या जुन्या इमारतींत नवी माणसे मावत नव्हती. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. १९९१च्या विकास नियमांनी सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि मोकळ्या जागांसाठी हिस्सा राखला होता. २००१च्या बदलाने तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला.

या काळाचा सर्वांत ठळक आकडा जी-दक्षिण वॉर्डाचा. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ हा तो टापू. २००१ साली तिथे साडेचार लाखांहून थोडी जास्त माणसे होती, २०११ साली पावणेचार लाखांच्या आसपास. ज्या दहा वर्षांत तिथे मुंबईतल्या सर्वांत उंच इमारती चढत होत्या, त्याच दहा वर्षांत वस्ती सहाव्या हिश्शाहून जास्त घटली. काळबादेवी-भुलेश्वरच्या सी वॉर्डातही सुमारे तेवढीच घट झाली. तिथे मात्र टॉवरपेक्षा गोदामे आणि दुकाने जास्त कारणीभूत असावीत. खोल्या व्यापाराकडे गेल्या आणि बिऱ्हाडे उठली. आकडा सारखा, गोष्ट वेगळी. बेट शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण २००१च्या ७७७वरून २०११ साली ८३२ झाले. एकटा पुरुष गावाहून येऊन खोलीत वळकटी टाकणारे शहर इथून उपनगरांकडे आणि त्यापलीकडे गेले, असा याचा अर्थ लावता येतो.

नव्या गिरणगावाबद्दल जनगणना ज्या बाबतीत मुकी आहे तीही नोंदवायला हवी. उत्पन्न ती विचारत नाही. त्याऐवजी घराच्या भिंती कशाच्या, शौचालय घरात की बाहेर, दुचाकी आहे की मोटार, संगणक आहे का, असे प्रश्न घरयादीत असतात, आणि त्यांवरून श्रीमंती ताडावी लागते. म्हणजे पुन्हा खानेसुमारीच, घरावरून माणूस ओळखण्याची. २०११नंतर १६ वर्षांचा खंड पडला आहे. २०२१ची जनगणना आधी साथीमुळे आणि नंतरही होऊ शकली नाही. पुढच्या मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली असून तिच्यात १९३१नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद व्हायची आहे. दरम्यान बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू होऊन वरळीतले पहिले रहिवासी नव्या उंच इमारतींत राहायला गेले आहेत. गणक दार ठोठावील तेव्हा त्याच्या जुन्या यादीतल्या कित्येक चाळी जागेवर नसतील. पत्ता तोच असला, तरी मजला चाळिसावा असेल.